राज्यसंस्था मोडकळीस आलेल्या देशांतील विकास-साहाय्य : अफगाणिस्तानचा अनुभव

एखाद्या खेड्यात शाळेची खोली बांधावयाची झाली, तर त्या कामामागे केवढी यंत्रणा उभी असते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जागेचा उतारा तलाठ्याकडून मिळतो, अंदाजपत्रक अभियंता तयार करतो, ग्रामसभेत ठराव होतो, जिल्हा परिषद मंजुरी देते, कोषागारातून रक्कम निघते व बँकेत जमा होते. कामाची नोंद मोजमाप पुस्तकात होते आणि पुढे यथावकाश लेखापरीक्षकही येतो. खोली पुरी झाली की शिक्षकाची नेमणूक होते आणि त्याला दरमहा वेतन मिळू लागते. या साखळीतील एखादी कडी ढिली पडली तर काम रेंगाळते, तक्रारी होतात. परंतु ही साखळीच मुळात अस्तित्वात नसेल तर विकासाचे काम कसे व्हावयाचे?

जगातील अनेक देशांपुढे हा प्रश्न उभा आहे. ज्या देशात शासनाची सत्ता सर्व प्रदेशावर चालत नाही, कर गोळा होत नाही, न्यायालये व पोलीस यांचा आधार सामान्य माणसाला वाटत नाही आणि राज्यकर्त्यांच्या अधिकाराविषयीच समाजात एकमत नसते, अशा देशांना आंतरराष्ट्रीय परिभाषेत दुर्बळ राज्यसंस्थेची राष्ट्रे म्हणून ओळखले जाते. केवळ दारिद्र्य हे त्याचे लक्षण नव्हे. गरीब देशातही कारभार सुरळीत चालू शकतो. येथे दारिद्र्याच्या जोडीला यादवी, विस्थापन आणि अविश्वास यांची भर पडलेली असते. सोमालिया, दक्षिण सुदान, येमेन, हैती, काँगो लोकशाही प्रजासत्ताक व अफगाणिस्तान ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

जागतिक बँकेने २०११ च्या आपल्या जागतिक विकास अहवालात संघर्ष, सुरक्षितता आणि विकास यांच्या परस्परसंबंधांचा सविस्तर विचार केला. सुमारे १५० कोटी लोक अशा अस्थिर वा संघर्षग्रस्त प्रदेशांत राहतात, असे त्या अहवालात नमूद केले होते. संयुक्त राष्ट्रसंघाने २००० नंतर जी सहस्रक विकास उद्दिष्टे जगापुढे ठेवली, त्यांपैकी एकही उद्दिष्ट तोपर्यंत अशा कोणत्याही अल्प उत्पन्नाच्या देशाला गाठता आलेले नव्हते, ही गोष्टही त्या अहवालाने निदर्शनास आणली. ज्यांना साहाय्याची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंतच ते पोहोचविणे सर्वांत कठीण, असा हा पेच आहे. या पेचाचे बहुतेक सर्व पैलू एकत्र पाहावयाचे असतील तर अफगाणिस्तानच्या दोन दशकांच्या अनुभवाचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

पार्श्वभूमी

अफगाणिस्तानला परकीय साहाय्य नवे नव्हते. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या मदतीने हेलमंड खोऱ्यात १९५३ मध्ये कजाकी धरण उभे राहिले, तर सोव्हिएत संघाच्या मदतीने हिंदुकुश पर्वतातील सालंग बोगदा १९६४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा देशात शिरल्या व १९८९ मध्ये माघारी गेल्या. त्यानंतर यादवी युद्ध पेटले आणि १९९६ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले. २००१ च्या अखेरीस ती राजवट कोसळली, तेव्हा दोन दशकांच्या युद्धाने देशातील रस्ते, कालवे व शाळा यांच्याबरोबरच कारभाराची दप्तरेही उद्ध्वस्त झाली होती.

डिसेंबर २००१ मध्ये जर्मनीतील बॉन येथे नव्या अंतरिम शासनाविषयी करार झाला. जानेवारी २००२ मध्ये टोकियो येथे भरलेल्या परिषदेत विविध देशांनी सुमारे ४.५ अब्ज डॉलर साहाय्याची आश्वासने दिली. देशाची गरज किती मोठी होती याची कल्पना एका आकड्यावरून येते. २००२ मधील एका पाहणीत दर १ लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० मातांचा मृत्यू होत असल्याचे आढळले. दुर्गम बदख्शान भागात हे प्रमाण त्याच्या चौपट होते. मुलींच्या शाळा तालिबान राजवटीत बंद होत्या. साहजिकच जगभरातून पैसा, तज्ज्ञ व संस्था काबूलकडे धावल्या आणि खऱ्या अडचणींना तेथूनच सुरुवात झाली.

दोन समांतर कारभार

पहिला प्रश्न होता पैसा कोणाच्या हाती द्यावयाचा, हा. नवे शासन दुबळे होते. हिशेब ठेवणारे कर्मचारी अपुरे होते व गैरव्यवहाराची भीती होती. म्हणून बहुतेक साहाय्यदात्या देशांनी आपला निधी अफगाण अर्थसंकल्पाबाहेर ठेवला. स्वतःच्या संस्था, कंत्राटदार व स्वयंसेवी संघटना यांच्यामार्फत त्यांनी कामे हाती घेतली. तातडीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, एकाच देशात दोन कारभार चालू लागले. एक शासनाचा व दुसरा प्रकल्पांचा.

प्रकल्पांच्या कारभारात वेतन मोठे होते. सुरुवातीच्या वर्षांत शिक्षक वा कारकून यांना महिन्याकाठी ५० डॉलरच्या आसपास वेतन मिळे, तर परदेशी संस्थेतील दुभाषी वा वाहनचालक त्याच्या कितीतरी पट मिळवीत असे. त्यामुळे इंग्रजी जाणणारा शिक्षक शाळा सोडून दुभाषी झाला आणि शासनाला हवा असलेला अभियंता परदेशी कार्यालयात रुजू झाला. शासन दुबळे म्हणून त्याला वगळले गेले आणि वगळले गेल्यामुळे ते अधिकच दुबळे राहिले. काम कोणी केले, त्याची देखभाल कोणी करावयाची आणि ते बिघडले तर दाद कोणाकडे मागावयाची, याचे उत्तर नागरिकाला मिळेनासे झाले. जुलै २०१० मध्ये काबूल येथे झालेल्या परिषदेत साहाय्याचा निम्मा हिस्सा दोन वर्षांत शासनाच्या अर्थसंकल्पातून खर्च व्हावा, असे ठरले. हा प्रश्न किती गंभीर झाला होता, हे त्यावरून ध्यानात येते.

दुसऱ्या बाजूने, शासनावर विश्वास टाकताना बाळगलेली भीतीही निराधार नव्हती. शिक्षक, पोलीस व इतर शासकीय कर्मचारी यांचे वेतन ज्या काबूल बँकेमार्फत दिले जाई, ती बँक २०१० मध्ये संकटात सापडली. सुमारे ९० कोटी डॉलर इतकी रक्कम बँकेच्या भागधारकांनी व वजनदार व्यक्तींनी कर्जाच्या नावाखाली काढून घेतल्याचे उघड झाले. साहाय्यदाते अधिकच सावध झाले व प्रामाणिक कर्मचाऱ्यांच्या कामालाही त्याची झळ बसली.

वीज : एक प्रकल्प, एक वाहिनी

प्रकल्पाची निवड करताना पुढील देखभालीचा विचार न झाल्यास काय होते, याचे उदाहरण काबूलजवळील तराखिल वीज केंद्रात सापडते. अमेरिकेच्या सुमारे ३३.५ कोटी डॉलर खर्चातून १०५ मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र उभारले गेले. ते डिझेलवर चालणारे होते. समुद्रकिनारा नसलेल्या देशात डिझेल दूरवरून ट्रकने आणावे लागे व त्यापासून निघणारी वीज ग्राहकांना वा शासनाला परवडत नसे. पुढील तपासणीत हे केंद्र आपल्या क्षमतेच्या १ टक्क्याहूनही कमी वीज पुरवीत असल्याचे आढळले.

याच सुमारास भारताने पुले-खुमरीपासून काबूलपर्यंत २२० किलोव्होल्टची वाहिनी टाकली व चिमतला येथे उपकेंद्र बांधले. सालंग खिंडीच्या परिसरातील हिमाच्छादित डोंगर ओलांडून ही वाहिनी न्यावी लागली. २००९ पासून शेजारच्या उझबेकिस्तानची स्वस्त वीज काबूलला मिळू लागली. दोन्ही कामांचा हेतू एकच होता. परंतु उभारणीनंतरचा खर्च कोण व कशातून करील, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या कामात आधीच दिलेले होते.

मधला मार्ग

शासनाला वगळणे व शासनावर डोळे झाकून विसंबणे या दोन टोकांच्या मध्ये काही मार्ग शोधले गेले. ते विशेष अभ्यासनीय आहेत.

२००२ मध्ये जागतिक बँकेच्या व्यवस्थापनाखाली अफगाणिस्तान पुनर्रचना विश्वस्त निधी स्थापन झाला. अनेक देशांनी आपापले पैसे एकत्र केले. शासनाने शिक्षकांचे व इतर कर्मचाऱ्यांचे वेतन द्यावे, स्वतंत्र तपासनीसाने कागदपत्रे पाहावीत आणि नियमात बसणाऱ्या खर्चाचीच भरपाई निधीतून व्हावी, अशी ही पद्धत होती. यामुळे खर्चाचा अधिकार शासनाकडे राहिला, हिशेबाची शिस्त लागली आणि प्रत्येक देशाला वेगळा अहवाल लिहून देण्याचा शासनाचा त्रासही कमी झाला.

आरोग्याच्या क्षेत्रात २००३ मध्ये मूलभूत आरोग्य सेवांचा एक निश्चित संच ठरविण्यात आला. कोणत्या दर्जाच्या केंद्रात कोणती सेवा, कोणती औषधे व किती कर्मचारी असावेत हे आरोग्य मंत्रालयाने ठरविले. प्रत्यक्ष सेवा देण्याचे काम बहुतेक प्रांतांत कराराने स्वयंसेवी संस्थांवर सोपविले. मंत्रालयाने धोरण व देखरेख सांभाळावी, संस्थांनी दवाखाने चालवावेत, अशी ही वाटणी होती. सुइणींच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. पुढील वर्षांत माता व बालके यांच्या मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या खाली आले.

गावाच्या हाती निधी

पंचायत राज्याशी संबंधित वाचकांना सर्वांत जवळचा वाटेल असा प्रयोग म्हणजे २००३ मध्ये ग्रामीण पुनर्वसन व विकास मंत्रालयाने सुरू केलेला राष्ट्रीय एकता कार्यक्रम. इंडोनेशियातील अशाच स्वरूपाच्या एका ग्रामविकास कार्यक्रमाचा अनुभव त्यामागे होता. प्रत्येक गावाने गुप्त मतदानाने एक विकास परिषद निवडावी, तीत स्त्रियांना स्थान असावे, गावसभेत बसून गावाने आपली गरज ठरवावी आणि कुटुंबामागे २०० डॉलर याप्रमाणे, परंतु ६० हजार डॉलरच्या मर्यादेत, निधी थेट त्या परिषदेला मिळावा, अशी योजना होती. खर्चाचा काही भाग गावाने रोख रक्कम, साहित्य वा श्रमदान यांच्या रूपाने उचलावयाचा होता. ठराव कसा लिहावा व हिशेब कसा ठेवावा हे शिकविण्यासाठी स्वयंसेवी संस्थांची मदत घेण्यात आली. पिण्याच्या पाण्याच्या विहिरी, लहान कालवे, जोडरस्ते, छोटी जलविद्युत केंद्रे अशी कामे गावांनी निवडली. कालांतराने ३० हजारांहून अधिक गावांत अशा परिषदा स्थापन झाल्या. शासनाचे अस्तित्व प्रथमच जाणवले, अशी त्यांत कितीतरी गावे होती.

या कार्यक्रमाचे शास्त्रशुद्ध मूल्यमापनही झाले. दहा जिल्ह्यांतील ५०० गावे निवडून त्यांपैकी निम्म्या गावांत, चिठ्ठ्या टाकून निवड करावी त्याप्रमाणे, कार्यक्रम आधी राबविण्यात आला व उरलेल्या गावांशी त्यांची तुलना करण्यात आली. पिण्याचे पाणी व वीज यांची सोय सुधारली, स्त्रियांच्या सार्वजनिक सहभागाला मान्यता वाढली, असे दिसून आले. मात्र रस्ते व सिंचन यांच्या कामांचा आर्थिक परिणाम फारसा दिसला नाही. शासनाविषयीचे मत तुलनेने शांत असलेल्या भागांत सुधारले, पण जेथे संघर्ष तीव्र होता तेथे तसे घडले नाही.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष कोणत्याही ग्रामसंस्थेने ध्यानी घ्यावा असा आहे. गावांत मदतीचा गहू वाटला गेला, तेव्हा वाटपाची जबाबदारी निवडून आलेल्या परिषदेवर स्पष्टपणे सोपविली होती तेथे गहू गरजूंपर्यंत अधिक नीट पोहोचला. परंतु परिषद स्थापन झालेली असताना वाटप कोणी करावयाचे हे जेथे सांगितलेच नव्हते, तेथे जुने पुढारी व नवी परिषद यांच्या अधिकारांची सरमिसळ होऊन गैरप्रकार वाढले. नवी संस्था नुसती निर्माण करून भागत नाही. तिचे अधिकार व तिचे उत्तरदायित्व निःसंदिग्ध शब्दांत ठरवून द्यावे लागते.

सैन्य आणि विकास यांची सरमिसळ

अफगाणिस्तानातील साहाय्याचे एक वैशिष्ट्य असे होते की, मदत करणारे अनेक देश त्या भूमीवर लढतही होते. प्रांतोप्रांती सैनिक व मुलकी अधिकारी यांची संयुक्त पुनर्रचना पथके नेमण्यात आली. त्यांच्यावर विहिरी, शाळा व पूल बांधण्याचे काम सोपविले होते. लोकांची मने जिंकावीत व बंडखोरांचा पाठिंबा कमी व्हावा, असा त्यामागे हेतू होता. यामुळे निधीचा ओघ गरजेपेक्षा युद्धाच्या नकाशाप्रमाणे वाहू लागला. हेलमंड व कंदाहारसारख्या अशांत प्रांतांकडे पैसा गेला आणि शांत राहिलेल्या प्रांतांत, शांततेचे हेच का फळ, अशी भावना निर्माण झाली.

वैद्यकीय व मदतकार्य करणाऱ्या तटस्थ संस्थांनाही याची किंमत मोजावी लागली. जून २००४ मध्ये बादगीस प्रांतात ‘सीमारहित डॉक्टर’ या संस्थेचे पाच कार्यकर्ते मारले गेले आणि दीर्घकाळ अफगाणिस्तानात काम केलेल्या या संस्थेने देश सोडला. पुढे २००९ मध्ये ती परतली. मदतीचा हात व बंदुकीचा हात वेगळे ओळखता आले नाहीत की दोघांनाही धोका निर्माण होतो, ही गोष्ट या काळात वारंवार प्रत्ययास आली.

भारताचे सहकार्य

भारताने अफगाणिस्तानात सैन्य पाठविले नाही. २००१ नंतरच्या दोन दशकांत भारताने सुमारे ३ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले. देशातील सर्व ३४ प्रांतांत मिळून ४०० हून अधिक लहानमोठी कामे हाती घेण्यात आली. सीमा रस्ते संघटनेने निमरोझ प्रांतातील झरंज ते दिलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता बांधून जानेवारी २००९ मध्ये अफगाण शासनाच्या स्वाधीन केला. इराणमार्गे समुद्राकडे जाण्याची वाट त्यामुळे सुकर झाली. या कामावर भारतीय व अफगाण कामगारांना प्राणास मुकावे लागले. ७ जुलै २००८ रोजी काबूल येथील भारतीय दूतावासावर झालेल्या हल्ल्यात ५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत भारतीय अधिकारी व जवानही होते.

हेरात प्रांतात हरी नदीवर सलमा धरण बांधण्याचे काम १९७० च्या दशकात सुरू होऊन युद्धामुळे बंद पडले होते. ते भारताने पूर्ण केले. ४ जून २०१६ रोजी भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी व अफगाणिस्तानचे अध्यक्ष अश्रफ घनी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ४२ मेगावॅट वीज आणि ७५ हजार हेक्टर क्षेत्राला सिंचन हे या प्रकल्पाचे उद्दिष्ट होते. सामग्री इराणमार्गे आणावी लागे, अभियंत्यांना अनेकदा हेलिकॉप्टरने ने-आण करावी लागे आणि धरणाचे रक्षण करताना अफगाण पहारेकऱ्यांना प्राण गमवावे लागले.

या मोठ्या कामांच्या जोडीला माणसे घडविण्याचे कामही झाले. दरवर्षी शेकडो अफगाण विद्यार्थ्यांना भारतीय विद्यापीठांत शिष्यवृत्त्या मिळाल्या. महाराष्ट्रात पुणे हे त्यांचे एक प्रमुख शिक्षणकेंद्र ठरले. अनेक वर्षे पुण्यातील महाविद्यालये व वसतिगृहे यांत अफगाण तरुण-तरुणी मोठ्या संख्येने दिसत. स्वयंरोजगारी महिलांच्या ‘सेवा’ संघटनेने काबूलमधील स्त्रियांना व्यवसाय प्रशिक्षण दिले, तर राजस्थानातील तिलोनिया येथे अफगाण ग्रामीण स्त्रियांनी सौर दिवे जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण घेतले. रस्ता, धरण व इमारत यांचे उद्घाटन होते, छायाचित्रे छापून येतात. या प्रशिक्षणाचा तसा गाजावाजा झाला नाही.

१५ ऑगस्ट २०२१ आणि त्यानंतर

६ ऑगस्ट २०२१ रोजी झरंज ही पहिली प्रांतिक राजधानी तालिबानच्या हाती गेली. १५ ऑगस्ट रोजी काबूल पडले. त्या वेळी अफगाण शासनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे ७५ टक्के भार परकीय अनुदानांवर होता. ही अनुदाने एका आठवड्यात थांबली. मध्यवर्ती बँकेची अमेरिकेत ठेवलेली सुमारे ७ अब्ज डॉलरची गंगाजळी गोठविण्यात आली. बँकांत रोकड उरली नाही, शिक्षक व परिचारिका यांची वेतने थकली आणि येत्या हिवाळ्यात सुमारे २ कोटी २८ लाख लोकांना, म्हणजे निम्म्याहून अधिक लोकसंख्येला, तीव्र अन्नटंचाईला तोंड द्यावे लागेल, असा इशारा संयुक्त राष्ट्रसंघाला द्यावा लागला.

अमेरिकेच्या पुनर्रचना निधीच्या तपासणीसाठी २००८ मध्ये नेमलेल्या विशेष महानिरीक्षकांनी त्याच महिन्यात आपला वीस वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. पुनर्रचनेवर अमेरिकेने सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च केले, त्यांपैकी अर्ध्याहून अधिक रक्कम सैन्य व पोलीस दलांच्या उभारणीवर गेली. उद्दिष्टे सतत बदलत राहिली, मुदती अवास्तव होत्या, नेमलेली माणसे वारंवार बदलली गेली आणि उभारलेली कामे टिकविण्याचा विचार कमी पडला, असे त्या आढाव्याचे निष्कर्ष आहेत. खर्च झालेली रक्कम हेच प्रगतीचे माप मानण्याची सवय किती घातक ठरते, हे त्यावरून दिसून येते.

या पडझडीतही काही गोष्टी टिकल्या. आरोग्य सेवा स्वयंसेवी संस्थांमार्फत चालत असल्यामुळे निधीचा मार्ग बदलून संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांकडून तो दवाखान्यांपर्यंत पोहोचविता आला व हजारो केंद्रे चालू राहिली. भारतानेही फेब्रुवारी २०२२ पासून ५० हजार टन गहू जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पाठविण्याचा निर्णय अमलात आणला. अटारीहून पाकिस्तानच्या मार्गे अफगाण ट्रकांतून हा गहू रवाना झाला.

परंतु नवा पेच अधिक अवघड होता. राजवटीला मान्यता न देता तिच्या प्रजेला मदत कशी करावयाची? मार्च २०२२ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडता उघडता बंद करण्यात आल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्त्रियांना विद्यापीठांचे दरवाजे बंद झाले आणि स्वयंसेवी संस्थांत काम करण्यासही मनाई झाली. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व सुईण यांचे शिक्षणही स्त्रियांसाठी थांबविण्यात आले. ज्या समाजात स्त्री रुग्णाला पुरुषाने तपासणे बहुधा मान्य नसते, तेथे उद्याची सुईण कोठून यावयाची? निषेध म्हणून मदत थांबवावी तर शिक्षा पुन्हा त्याच स्त्रियांना होते, आणि चालू ठेवावी तर बंधनांना मूक संमती दिल्यासारखे होते. यावर कोणत्याही देशाला निर्दोष उत्तर सापडलेले नाही. जुलै २०२५ पर्यंत एकाही देशाने या राजवटीस औपचारिक मान्यता दिली नव्हती. त्या महिन्यात रशियाने ती दिली. त्याच वर्षी अमेरिकेने आपली विकास-साहाय्य संस्थाच बंद केली व अफगाणिस्तानातील दोनशेहून अधिक आरोग्य केंद्रांना निधीअभावी टाळे लागले. साहाय्यदात्याच्या राजधानीतील राजकारण हेही दुर्बळ राष्ट्रापुढील एक संकट असते, हे त्यातून दिसले.

जागतिक विचारातील बदल

या अनुभवांतून आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या विचारात हळूहळू बदल होत गेले. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात साहाय्य घेणाऱ्या देशाच्या स्वतःच्या योजनांना प्राधान्य देण्याचे तत्त्व मान्य झाले. २००७ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने दुर्बळ राष्ट्रांसाठी वेगळी तत्त्वे स्वीकारली. स्थानिक परिस्थिती हाच आरंभबिंदू मानावा, मदतीने हानी होणार नाही याची दक्षता घ्यावी आणि राज्यसंस्थेची बांधणी हे मुख्य उद्दिष्ट असावे, असा त्यांचा आशय होता. २०१० मध्ये पूर्व तिमोरची राजधानी दिली येथे अशा राष्ट्रांनी एकत्र येऊन ‘जी-सात अधिक’ हा स्वतःचा गट स्थापन केला. आपल्याविषयी इतरांनी केलेल्या चर्चेत आपला आवाज असावा, ही त्यामागील भूमिका होती. अफगाणिस्तान या गटात होता. २०११ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे एक नवा करार मान्य झाला. सर्वमान्य राजकारण, सुरक्षितता, न्याय, आर्थिक पाया आणि महसूल व सेवा ही पाच उद्दिष्टे त्यात ठरली. रस्ता वा धरण यांच्या आधी राजकीय समझोता व न्याय यांना दिलेले स्थान लक्षणीय आहे.

अनुभवाचे सार

अफगाणिस्तानच्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, राज्यसंस्था पैशाने विकत घेता येत नाही. तिची बांधणी एका पिढीहून अधिक काळाचे काम आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या मुदतीत ते बसत नाही. दुसरी गोष्ट, देशाची पचविण्याची शक्ती पाहूनच साहाय्य द्यावे लागते. अल्पकाळात ओतलेला अमाप निधी भ्रष्टाचाराला खतपाणी घालतो. तिसरी, बांधलेल्या प्रत्येक कामाच्या देखभालीचा खर्च कोण करील याचे उत्तर पहिली वीट रचण्यापूर्वी मिळाले पाहिजे. चौथी, स्थानिक संस्थेला निधीबरोबर स्पष्ट अधिकार व उघड हिशेबाची शिस्त दिली तर निरक्षर व युद्धग्रस्त गावही आपला कारभार पाहू शकते. पाचवी आणि कदाचित सर्वांत कठीण, ज्या तोडग्यात समाजातील मोठा गट बाहेर राहतो, त्या राजकीय तोडग्यावर उभारलेला विकास टिकत नाही.

राज्यसंस्थेचे अस्तित्व जेथे गृहीत धरले जाते, तेथे तिचे मोल सहसा जाणवत नाही. वेळेवर भरलेली ग्रामसभा, फलकावर लावलेला जमाखर्च, महिन्याच्या महिन्याला मिळणारे शिक्षकाचे वेतन, आरोग्य उपकेंद्रात हजर असलेली परिचारिका या गोष्टी नेहमीच्याच वाटतात. अब्जावधी डॉलर खर्चूनही त्या दुसऱ्या देशात नेऊन बसविता येत नाहीत. त्या तेथील लोकांनाच दिवसामागून दिवस, नोंदीमागून नोंद अशा उभ्या कराव्या लागतात. अफगाणिस्तानातील ज्या हजारो स्त्री-पुरुषांनी गावच्या विकास परिषदेत बसून पहिला ठराव लिहिला, पहिला हिशेब वाचून दाखविला, त्यांनी ते काम करून दाखविले होते. बाहेरच्या साहाय्याने अशा माणसांच्या पाठीशी किती काळ व किती विश्वासाने उभे राहावयाचे, हाच दुर्बळ राष्ट्रांतील विकास-सहकार्यापुढील मुख्य प्रश्न आहे.